आठवडा संपतो, पुस्तकं वाचून होतात, पण त्यावर लिहायचं राहूनच जातं. तुम्ही कसं जमवता?

डोंबिवली_फास्ट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

वाचायला वेळ मिळत नाही ही माझी तक्रार नाहीये. वाचन होतं. डोंबिवलीहून सीएसएमटीला जायला सव्वा तास, यायला तेवढाच, सकाळी घाटकोपरला मेट्रोवाल्या उतरल्या की चौथी सीट तरी मिळते आणि मग तिथून पुढे पुस्तक उघडता येतं. त्याआधी उभं राहून एका हाताने फोनवर जे काय असेल ते. संध्याकाळी गवार मोडताना, मटकी निवडताना कानात ऑडिओबुक. गुरुवारी सासूबाईंना फिजिओथेरपीला घेऊन जाते, तिथे बाहेरच्या बाकावर अर्धा-पाऊण तास हक्काचा मिळतो, तो मी कोणाला देत नाही. शनिवारी भाजी, दळण आणि लायब्ररी अशी एकच फेरी, दोन पुस्तकं आणि एक मासिक अशी वर्गणी आहे. रविवार मात्र पूर्ण घरातच जातो, लेकाचा शाळेचा प्रोजेक्ट, इस्त्री, आठवड्याचं वाटण करून ठेवणं, तेव्हा त्या दिवशी पान उलटलं तर उलटलं.

प्रश्न आहे लिहिण्याचा. दरवर्षी जानेवारीत छान वही आणते, पहिल्या पुस्तकावर दोन पानं भरून लिहिते, लेखकाची माहिती, कथानक, मला काय आवडलं असं सगळं व्यवस्थित, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकाला तेवढा वेळ काढता येत नाही म्हणून वही तिथेच थांबते.

याची खरी चुटपुट गेल्या आठवड्यात लागली. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढलंय वाचायला. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं, ते मीठसुद्धा धुवून घ्यायचे, तो सगळा भाग मी रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. आधी त्या पोट धरून हसल्या आणि मग गप्प झाल्या आणि मग त्यांच्या आजीचं सांगायला लागल्या. आजीचं सोवळ्यातलं धाबळीचं लुगडं, ते उंच काठीवर वाळत घालायचे, पोरांनी त्याच्या सावलीतूनही जायचं नाही, आणि एकदा वाऱ्याने ते उडून शेजारच्या गोठ्यात पडलं तर आजी दिवसभर जेवली नाही. इतकी वर्षं या घरात आहे मी, हे कधी ऐकलं नव्हतं. हे सगळं लिहून ठेवायचं असं तेव्हाच ठरवलं, पण ओटा आवरायचा होता, सकाळची सहा छत्तीसची लोकल गाठायची होती. आता लिहायला बसले तर त्यांचे शब्द आठवत नाहीयेत, नुसती गोष्ट आठवतेय. त्या गावाकडचा एक शब्द वापरत होत्या काठीसाठी, तोही गेला.

तर नोकरी, घर, आजारपणं सगळं सांभाळून तुम्ही लोक वाचलेल्यावर काही लिहिता का? कधी लिहिता, कशात लिहिता, किती लिहिता? अगदी बारीकसारीक सांगितलंत तरी चालेल, मला तेच हवंय.

---

पेठेतला_वाचक

मी आयटीत आहे, पुणे, हायब्रिड. आधी मी ते वर्षाला बावन्न पुस्तकांचं चॅलेंज वगैरे करायचो. ते मी बंद केलं आणि तुम्हालाही सांगेन की आकड्याच्या मागे अजिबात लागू नका. आकडा ठेवला की माणूस बारीक पुस्तकं शोधायला लागतो आणि जाडी पुस्तकं पुढे ढकलतो. बारीक पुस्तकं वाईट असतात असं नाही हां, विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' १९३९ चं आहे, एका बैठकीत संपेल एवढंच आहे, आणि मला त्यातून बाहेर यायला आठवडा लागला. युरोपातून मुंबईला येणारी बोट, त्यावरची ती ज्यू मुलगी हॅर्टा, आणि आपल्याला माहीत असतं की पुढे काय वाढून ठेवलंय. असं पुस्तक संपवून लगेच दुसरं उघडायचं कारण काय तर आकडा पूर्ण करायचाय? नको.

तुमच्या मुद्द्यावर येतो. फोनच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं ना, भाषा मराठी करा आणि बोला. मराठी बऱ्यापैकी उमटतं आता. मी बसस्टॉपवरून घरी चालत येताना बोलतो, दहा मिनिटं, नोट्समध्ये जमा होतं. काना-मात्रा चुकतात, आडनावांची वाट लागते, पण विचार ताजा असतो. रविवारी निवांत बसून लिहू असं म्हणाल तर तो रविवार येत नाही, तुम्हीच लिहिलंय रविवार कसा जातो ते. सासूबाईंच्या बाबतीत तर सरळ रेकॉर्डिंग करा, त्यांना विचारून. नंतर ऐकून उतरवता येतं आणि तो काठीचा शब्दही जाणार नाही.

अजून एक, ट्रेनमध्ये उभं असताना फोनवर वाचता म्हणालात म्हणून. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे कॉपीराइट संपतो, त्यामुळे लक्ष्मीबाई, साने गुरुजी, हरिभाऊ आपटे ही मंडळी आता मोकळी आहेत. मराठी विकिस्रोतावर बघा, ई साहित्य प्रतिष्ठानच्या साइटवर नव्या लेखकांचीही पुस्तकं फुकट आणि रीतसर मिळतात. त्या पायरेटेड पीडीएफच्या ग्रुपांमध्ये कृपया जाऊ नका, मराठीत एका आवृत्तीच्या हजारभर प्रती खपायची मारामार असते, त्यात आपणच असं केलं तर कोण छापणार.

---

सातारकर_काका

ताई, तुमचा धागा दोनदा वाचला. वहिनींच्या... म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या आजीचं लुगडं डोळ्यापुढे आलं. आमच्याकडे घरात छताला दोरीने बांधलेली आडवी काठी असायची तिला वलन म्हणायचे, काही घरांत वलणी. सोवळ्याची वेगळी, उंच, आणि कपडा टाकायला दुसरी लांब काठी. हाच शब्द असेल का बघा विचारून.

मी निवृत्त शिक्षक. वरच्या भावाचं फोनमध्ये बोलायचं पटलं नाही, स्पष्ट सांगतो. बोललेलं खूप होतं आणि पुन्हा कोणी वाचत नाही. हाताने लिहावं. पण परीक्षण लिहू नये! तुमची वही का थांबते, तर तुम्ही पहिल्या पुस्तकाला शाळेतल्या निबंधासारखं लिहिता, लेखक परिचय, कथानक, भाषाशैली. आम्ही मास्तरांनीच ही सवय लावली पोरांना. कथानक कशाला लिहायचं, ते पुस्तकात आहेच की.

मी काय करतो सांगतो. पुस्तक संपलं की एक पोस्टकार्ड लिहितो. अजून पन्नास पैशाला मिळतं, सगळ्या पोस्टात नसतं, मुख्य पोस्टात विचारावं लागतं. माझे दोघे-तिघे मित्र आहेत, एक जण आता मुलाकडे बडोद्याला असतो, त्यांना पाठवतो. कार्डावर जागाच एवढी असते की माणूस पाल्हाळ लावूच शकत नाही. पुस्तकाचं नाव, त्यातली एक गोष्ट जी मनात राहिली, आणि घरची खुशाली. बास. त्यांचीही उत्तरं येतात. ती मी एका बुटाच्या खोक्यात ठेवलीत. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी 'बनगरवाडी' पुन्हा वाचली तेव्हा मित्राला लिहिलं की तालमीच्या उद्घाटनाला औंधचे राजे येतात तो भाग वाचताना आपल्या शाळेच्या इमारतीचं श्रमदान आठवलं, दगड कोणी कुठनं आणले ते. त्यावर त्याचं उलटटपाली कार्ड, की दगड ओढ्याचे नव्हते, टेकडीवरच्या पडक्या वाड्याचे होते आणि वाड्याच्या मालकाने पैसे घेतले नाहीत. आता बघा, हे कुठल्या परीक्षणात आलं असतं?

आणि वेळेचं म्हणाल तर साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत जवळजवळ पूर्ण लिहून काढली. दिवसा तुरुंगातलं काम, लिहायचं ते रात्री आणि पहाटे. तुमच्यावर दडपण यावं म्हणून सांगत नाही. आईच्या सगळ्या आठवणी मनात घोळून घोळून तयार होत्या, म्हणून लेखणी धावली. तुमच्याही मनात हे आठ दिवस घोळतंय म्हणून तर इथे एवढं लिहिलंत. इथे लिहिलंत ना सासूबाईंचं, तो परिच्छेद तसाच वहीत उतरवून काढा, झालं पहिलं पान.

लायब्ररीच्या पुस्तकात मात्र पेन्सिलीनेही खुणा करू नका. कागदाचा चिटोरा घालावा, त्यावर पान नंबर टाकावा.

---

रात्रपाळी

ताई मी नागपूरची, नर्सिंगमध्ये आहे, या महिन्यात नाइट सुरू आहे. मी थोडं उलटं सांगते, राग मानू नका कोणी.

मी काहीच लिहीत नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही. आमच्या वॉर्डात इतकं लिहावं लागते, तापमान, बीपी, इनटेक-आउटपुट, प्रत्येक औषधाची वेळ, सही, की घरी जाऊन पुन्हा पेन धरायची इच्छाच होत नाही. वाचते मात्र. नाइटला वाचायला मिळते हा लोकांचा गैरसमज आहे, ड्यूटीवर पुस्तक काढायचं नसतं आणि वेळही नसतो, मी वाचते ते सकाळी घरी आल्यावर झोप लागेपर्यंत. अंगात थकवा असते पण डोकं जागं असते, तेव्हा कादंबरी झेपत नाही, कथा झेपते. म्हणून मी दिवाळी अंक वर्षभर पुरवून वाचते. दिवाळीत लोक घाईघाईने चाळतात आणि रद्दीत देतात, मी ओळखीच्यांकडून मागून आणते, आता जुन्या अंकातली एक कथा वाचून राहिली आहे. १९०९ पासून, का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकापासून ही पद्धत चालू आहे म्हणतात, आणि आपण ते पंधरा दिवसांत शिळं झालं म्हणायचं म्हणजे काय.

लिहीत नाही पण सांगते. आमच्या एक मावशी आहेत वॉर्डात, सफाईला, त्यांना वाचता येत नाही. पहाटे चार-साडेचारला चहा होतो तेव्हा त्या स्वतःच विचारतात, काय वाचलं बाई आज. मग मी सांगते पूर्ण कथा. सांगताना समजते की आपल्याला काय कळलं आणि काय नाही. मधेच त्या विचारतात, "मग तिच्या भावानं काहून नाही घेतलं तिला घरात?" आणि मला उत्तर नसते, कारण मी त्या भावाकडे लक्षच दिलेलं नसते. मग सकाळी जाऊन पुन्हा ते पान काढते.

माझं म्हणणं एवढंच की ताईंच्या आठवड्यात आधीच इतकी कामं आहेत, त्यात लिहिण्याचं अजून एक काम लावून घेऊन जीवाला त्रास नको. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या बोलल्या, हेच तर मोठं झालं ना. ते दर आठवड्याला करा की, एक दिवस ठरवून.

---

पेठेतला_वाचक

काका, फोनमधलं कोणी पुन्हा वाचत नाही हे काही प्रमाणात मान्य. पण हाताने लिहायला टेबल लागतं, उजेड लागतो, कोणी हाक मारणार नाही अशी पंधरा मिनिटं लागतात. ताईंनी जे वर्णन केलंय त्यात टेबल कुठे आहे? ज्यांना ते मिळत नाही त्यांनी बोलून तरी ठेवावं. त्यातही बायकांना घरात स्वतःचं टेबल नसणं हा वेगळाच विषय आहे, त्यावर धागा निघाला पाहिजे.

---

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितेय. वर टेबलाचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

मला घरी टेबल नाही. पण पणजीला पाटो भागात कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ सालचं, पोर्तुगीज काळापासूनचं, आताची इमारत नवी आहे, मोठ्या खिडक्या, लांब टेबलं. ऑफिस तिथून जवळ असल्यामुळे जमेल तेव्हा सुटल्यावर तिथे जाऊन बसते आणि मग बस पकडते. मराठी, कोंकणी, इंग्रजी सगळं एकाच छपराखाली, शिवाय स्पर्धा परीक्षेची पोरं मान खाली घालून बसलेली असतात, त्यांच्यामध्ये बसलं की आपोआप हातून चार ओळी होतात. ताई, डोंबिवलीत, ठाण्यात किंवा तुमच्या ऑफिसच्या रस्त्यावर असं वाचनालय असेलच, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय तर १८९३ चं आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास मिळाला तरी बघा. पुस्तक बदलण्यापुरतं काउंटरपर्यंत जाण्यापेक्षा आत जाऊन बसणं वेगळं असतं.

पण त्याहून महत्त्वाचं सांगायचंय ते वहीबद्दल. काका म्हणाले ते बरोबर, पुस्तकासाठी म्हणून वेगळी वही केली की ती देवघरात जाते, तिच्यात काहीतरी चांगलंच लिहिलं पाहिजे असं होतं. माझ्या सासऱ्यांची पद्धत होती, रोजच्या हिशेबाच्या डायरीतच सगळं. ते गेल्यावर त्या डायऱ्या आम्ही काढल्या. दूध, गॅस, बांगडे, नारळ काढणाऱ्याचे पैसे आणि त्यातच मधे कुठेतरी "कादंबरी संपली. शेवट मानवला नाही." मी तेव्हापासून तसंच करते. या महिन्यातलं एक पान जसंच्या तसं देते:

"गॅस आला. बांगडे महाग, अर्धा डझनच घेतले. छप्पर गळतंय, माणूस उद्या येतो म्हणाला. बनगरवाडीत दुष्काळ पडला, मेंढरं मरायला लागली, वाडी उठली. इथे पाऊस थांबत नाहीये आणि मी वाचून रडले. आईला फोन."

एवढंच. पण या ओळी वाचल्या की मला ती संध्याकाळ अख्खी आठवते, बादली कुठे ठेवली होती ते आठवतं, आईशी काय बोलले तेही. पुस्तकाचा सारांश लिहिला असता तर यातलं काही राहिलं नसतं. रात्रपाळी ताई, तुमचं पटलंच, पण मावशींचा तो भावाबद्दलचा प्रश्न आहे ना, तो तेवढा कुठेतरी लिहून ठेवा हो. तो प्रश्न वाचून मी थबकले.

---

रात्रपाळी

मांडवीकाठ ताई, तो प्रश्न आता इथे लिहिला गेलाच की.  पण बरं, ठेवते. औषधांच्या कंपन्यांचे छोटे पॅड पडलेले असतात घरी, त्यावर फक्त मावशींचे प्रश्न लिहीन. उत्तरं नाही लिहिणार.

---

डोंबिवली_फास्ट

सगळ्यांचे मनापासून आभार, आज लंचमध्ये एकदम सगळे प्रतिसाद वाचले आणि डबा तसाच राहिला.

आधी काका, काठीचं. काल रात्री विचारलं, वलनच! त्या म्हणाल्या अगं हो, वलनच म्हणायची आजी, तुला कसं माहीत. मग पुढे अर्धा तास पुन्हा आजी. लुगडं गोठ्यात पडलं ते एकदा नाही, दोनदा पडलं होतं आणि दुसऱ्यांदा आजीने कोणाला न सांगता गुपचूप धुवून पुन्हा वलनावर टाकलं, हे फक्त सासूबाईंनी पाहिलं होतं कारण त्या माळ्यावर लपल्या होत्या. आजीने यांना बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं, नंतर हातावर खडीसाखर दिली. हे रेकॉर्ड केलं, त्यांना विचारूनच. पेठेतले दादा, थँक्यू. कुकरच्या दोन शिट्ट्यापण आल्यात त्यात, असू देत.

वहीचं ठरवलं. वेगळी वही नाही, फ्रिजवर दूधवाल्याचं आणि इस्त्रीवाल्याचं कॅलेंडर आहे त्याच्या शेजारी हिशेबाची डायरी असते, तिच्यातच. कालचं लिहिलंसुद्धा: "इस्त्री २२ कपडे. लेकाला खोकला. लक्ष्मीबाईंचे वडील मीठ धुवायचे, सासूबाईंच्या आजीने खडीसाखर देऊन तोंड बंद केलं." मिस्टरांनी सकाळी ते वाचलं आणि विचारलं हे काय आहे, मग त्यांनाही गोष्ट सांगावी लागली आणि माझी सहा छत्तीस सहा चव्वेचाळीस झाली, पण त्यांनाही माहीत नव्हतं हे, त्यांची पणजी ती.

रात्रपाळी ताई, वाचून दाखवायला गुरुवार ठरवला, फिजिओथेरपीच्या बाकावरच. त्या बाकावर अजून एक काकू असतात गुडघ्यांसाठी येणाऱ्या, त्यांनाही ऐकायचंय. पुढच्या गुरुवारसाठी कथा सुचवा, वीस मिनिटांत संपेल अशी.

आणि एक वेगळाच प्रश्न, याच धाग्यात विचारते. सासूबाई म्हणाल्या आजीची एक पोथी आणि काही जुने अंक माळ्यावर ट्रंकेत आहेत. काढलं तर कसर लागलीये, पानांना कडेने बारीक जाळी झालीये. काय करू?

---

सातारकर_काका

ट्रंकेत परत ठेवू नका. गच्चीत सावलीला, वाऱ्यावर मोकळं ठेवा दोन दिवस, कडक उन्हात नको, जुना कागद तडकतो. मऊ रंगवायच्या ब्रशने एकेक पान झाडा, तोंडाला रुमाल बांधून. चिकटलेली पानं ओढू नका. सेलोटेप अजिबात लावू नका, चार वर्षांत पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन निघते. मग सुती धुतलेल्या कापडात बांधून कोरड्या कपाटात, आणि सोबत वेखंडाची पुरचुंडी.

---

डोंबिवली_फास्ट

वेखंड म्हणजे बाळगुटीतलं तेच ना? आणि डांबराच्या गोळ्या चालतील का, त्या घरात आहेत.

---

सातारकर_काका

तेच. काष्ठौषधीच्या दुकानात अख्खा तुकडा मागा, पावडर नको. डांबराच्या गोळ्या नकोत, वासाने सासूबाईंना त्रास होईल आणि त्यांना पोथी हातात घेऊन बसायचं असेल. झाडताना पोथीच्या शेवटच्या पानावर कोणी लिहिली, कधी लिहिली ते असतं बहुतेक, ते आधी बघा आणि इथे कळवा.

---

मांडवीकाठ

आणि पानांचे फोटो काढून ठेवा झाडायच्या आधीच. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून.